दिवसाढवळ्या दिवा

दुचाकीवरून जाताना एक अनुभव बहुतेक सर्वांना येऊन गेला असेल. भर दुपारी बारा वाजता समोरून येणारा कोणी अनोळखी गृहस्थ हात वर करतो, पाचही बोटे मिटतो आणि उघडतो, पुन्हा मिटतो आणि उघडतो. गावातून जात असाल तर पारावर बसलेली वडीलधारी माणसे ओरडून सांगतात, "लाईट चालू हाय बघा!" कन्नड वस्तीतून जात असाल तर हाक येते, "लाइट हत्तैति नोड्री!" भाषा दोन, पण काळजी एकच. ओळख ना देख, तरी दुसऱ्याची बॅटरी उतरू नये म्हणून घेतलेली ही तसदी पाहून बरे वाटते. परंतु अलीकडे हा सल्ला बहुतेक वेळा वाया जातो. कारण तो दिवा चालवणारा विसरलेला नसतो. नव्या गाडीला तो बंद करण्याचे बटणच नसते.

आपल्या देशात १ एप्रिल २०१७ पासून तयार झालेल्या दुचाकींना असा नियम लागू आहे की, इंजिन सुरू झाले की पुढचा दिवा आपोआप लागला पाहिजे आणि इंजिन बंद होईपर्यंत तो जळत राहिला पाहिजे. पूर्वीच्या गाड्यांच्या उजव्या मुठीजवळ दिव्याचे एक सरकते बटण असे. ते नव्या गाड्यांतून गेले. उरले ते फक्त अप्पर-डिप्परचे. मग काय होते? "उगाच दिवा कशाला जाळायचा?" म्हणून काहीजण गाडी गॅरेजमध्ये नेतात, दिव्याची वायर मध्येच तोडून तिथे एक छोटे बटण बसवून घेतात आणि दिवसा दिवा बंद ठेवतात.

हा लेख त्या बटणाविषयी आहे. असे बटण आमच्या घरच्या गाडीला मीच बसवायला लावले होते. त्याचा हिशेब कसा चुकला, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने सांगायला हरकत नाही.

आमचे गाव बेळगावच्या पश्चिमेला. काका रोज पहाटे मोटारसायकलला दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन बांधून शहरात रतीब घालायला जातात आणि आठच्या सुमारास रिकामे कॅन घेऊन परततात. त्यांची गाडी २०१८ सालची. तिचा दिवा दिवसा जळतो, हे त्यांना पहिल्यापासून खटकत असे. "दिवसा लाईट लावून फिरायला आपण काय वरातीत हाय काय?" असे ते म्हणत. मी तेव्हा बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला नुकताच प्रवेश घेतला होता आणि परिव्ययलेखा हा विषय डोक्यात भिनला होता. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

माझा हिशेब असा होता. काकांच्या गाडीचा दिवा ३५ वॅटचा, जुन्या हॅलोजन पद्धतीचा. पेट्रोलमधील सगळी शक्ती काही दिव्यापर्यंत पोचत नाही. इंजिनात तिचा सुमारे चौथा हिस्सा उपयोगी पडतो आणि त्यापासून वीज करताना पुन्हा निम्म्याच्या आसपास वाया जाते. म्हणजे दिव्यात ३५ वॅट पोचवायला पेट्रोलमधून सुमारे २८० वॅट काढावे लागतात. तासाभराचे पेट्रोल निघते जवळजवळ ३० मिलिलिटर. लिटरला शंभर रुपये धरले तर तासाला तीन रुपये. काका दिवसाउजेडी रोज तासभर गाडी चालवतात असे धरले, तर वर्षाला हजार रुपयांच्या घरात बचत! दीडशे रुपयांचे बटण आणि हजार रुपयांचा लाभ. असा धंदा कोण सोडील? काकांना आकडा पटला. त्याच आठवड्यात बटण बसले.

पुढे दोन महिने काकांनी टाकी भरून भरून सरासरी मोजली. बटणापूर्वी गाडी लिटरला जेवढे चालत होती तेवढीच नंतरही चालली. काका हसून म्हणाले, "बाळ, तुझे हजार रुपये कुठं गेले रे?"

ते कुठे गेले हे मला विज्ञान शाखेतील एका मित्राने समजावून सांगितले. गाडीच्या इंजिनाला जोडलेला एक चुंबक तारेच्या वेटोळ्यांभोवती फिरत असतो. त्याला आपण मॅग्नेटो म्हणतो. इंजिन फिरले की चुंबक फिरणार, आणि चुंबक फिरला की वीज तयार होणार. मग ती कोणाला हवी असो वा नसो. पुढे रेग्युलेटर नावाचा एक भाग असतो. पुष्कळ दुचाकींत त्याची रचना अशी असते की, बॅटरी आणि दिवा यांना लागेल तेवढी वीज तो पुढे सोडतो आणि उरलेली जागच्या जागी फिरवून तिची उष्णता करून टाकतो. रेग्युलेटरला बाहेरून धातूचे पंखे दिलेले दिसतात ते ही उष्णता बाहेर टाकण्यासाठीच. म्हणजे आपण दिवा बंद केला तरी इंजिनावरचा भार फारसा हलका होत नाही. विहिरीवर मोट चालूच असते. पाणी पाटात न जाता पुन्हा विहिरीत पडते, एवढाच फरक. सगळ्याच गाड्यांची रचना अशी असते असे नाही, काही नव्या गाड्यांत खरोखर थोडा भार कमी होतो. परंतु त्या नव्या गाड्यांत बहुधा एल.ई.डी. दिवे असतात आणि त्यांना मुळातच वीज थोडी लागते. तात्पर्य, कसेही पाहिले तरी माझे हजार रुपये कागदावरच राहिले.

बॅटरी उतरेल ही भीतीही अशीच. इंजिन सुरू असताना दिव्याला लागणारी वीज मॅग्नेटोच पुरवत असतो. इंजिन बंद झाले की बहुतेक गाड्यांत दिवाही बंद होतो. उभ्या गाडीचा दिवा रात्रभर जळून सकाळी बॅटरी थंड पडणे, हा जुन्या गाड्यांचा अनुभव. पारावरच्या मंडळींची काळजी त्याच अनुभवातून आलेली आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. सूर्य डोक्यावर असताना दिवा लावायचा कशासाठी? रस्ता तर लख्ख दिसत असतो.

आपल्या मराठीत 'दिसणे' या क्रियापदाची एक गंमत आहे. 'मला दिसते' यातही तेच आणि 'मी दिसतो' यातही तेच. कन्नडमध्येही 'काणिसु' या शब्दाचे तसेच आहे: 'ननगे काणिसुत्तदे' म्हणजे मला दिसते आणि 'नानु काणिसुत्तेने' म्हणजे मी दिसतो. रात्री गाडीचा दिवा ही दोन्ही कामे करतो. दिवसा मात्र पहिले काम सूर्य करतो, म्हणून आपल्याला वाटते की दिव्याला काही कामच उरले नाही. दुसरे काम आपण विसरतो. दिवसाचा दिवा आपल्याला दिसावे म्हणून नसतो, आपण दिसावे म्हणून असतो.

दुचाकी समोरून फार अरुंद दिसते. बस किंवा ट्रक समोरून आला की डोळ्यांसमोर एक भिंतच येते. दुचाकी मात्र एका उभ्या रेघेएवढी. मागे झाडे, विजेचे खांब, दुकानांच्या पाट्या असल्या की ती रेघ त्यांत मिसळून जाते. शिवाय लहान वस्तू दूर आहे असे मनाला वाटते. त्यामुळे दुचाकी दिसली तरी ती अजून लांब आहे, अशी समोरच्याची समजूत होते आणि तो वळण घेऊन टाकतो. अमेरिकेत हॅरी हर्ट नावाच्या संशोधकाने लॉस एंजेलिस परिसरातील मोटारसायकलींच्या ९०० अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली होती. तिचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. मोटारसायकल आणि दुसरे वाहन यांच्यात झालेल्या अपघातांपैकी सुमारे दोन-तृतीयांश अपघातांत दुसऱ्या वाहनाच्या चालकाने मोटारसायकलीचा पुढे जाण्याचा हक्क डावलला होता, असे त्यात आढळले. आणि तो डावलण्याचे मुख्य कारण उर्मटपणा नव्हे. मोटारसायकल त्याला दिसलीच नव्हती किंवा फार उशिरा दिसली होती.

दिवसा दिवा लावण्याची पद्धत मोटारींच्या बाबतीत प्रथम उत्तर युरोपात रुजली. फिनलंडने १९७२ साली हिवाळ्यात गावाबाहेरच्या रस्त्यांवर दिवे सक्तीचे केले. स्वीडनने १९७७ पासून वर्षभर सर्वत्र केले. तिकडे हिवाळ्यात सूर्य क्षितिजाला घासूनच जातो, त्यामुळे ही गोष्ट तेथील लोकांना लवकर पटली. कॅनडाने १ डिसेंबर १९८९ नंतर तयार झालेल्या सर्व नव्या मोटारींना दिवसा आपोआप लागणारे दिवे बंधनकारक केले. युरोपीय संघात २०११ पासून मोटारींच्या नव्या नमुन्यांना ते लागू झाले. हल्ली मोटारींच्या पुढे भुवईसारखी पांढरी पट्टी चमकताना दिसते ती हीच. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून डी.आर.एल. म्हणतात.

यावर कोणी म्हणेल, "ते सगळे थंड आणि अंधाऱ्या देशांचे झाले. आमच्याकडे ऊन काय कमी आहे?" ही शंका रास्त आहे. त्याचे उत्तर मलेशियाने दिले आहे. तो देश विषुववृत्ताजवळचा, बाराही महिने उन्हाचा, आणि आपल्यासारखाच दुचाकींनी भरलेला. तेथे १९९२ साली मोटारसायकलस्वारांनी दिवसा दिवा लावावा म्हणून मोहीम झाली आणि मागोमाग तसा नियमही आला. पुढे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मोटारसायकल न दिसल्यामुळे होणारे अपघात सुमारे २९ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हिशेब एकतर्फी होईल. ऑस्ट्रियाने २००५ साली सर्व मोटारींना दिवसा दिवे सक्तीचे केले आणि २००८ च्या आरंभी ती सक्ती मागे घेतली. सगळेच चमकू लागले तर पायी चालणारे आणि सायकलवाले आणखी मागे पडतील, हा तेथील एक आक्षेप होता. अमेरिकेतील वाहतूक सुरक्षा खात्याच्या २००८ च्या अभ्यासातही, मोटारींच्या डी.आर.एल.मुळे एकूण अपघातांत ठळक म्हणावी अशी घट आढळली नाही. तेथे पुष्कळ मोटारमालक हे दिवे बंद करण्यासाठी फ्यूज काढून टाकतात, काही गाड्यांत हातब्रेक थोडा ओढून ठेवला की ते विझतात. तेव्हा मोटारींच्या बाबतीत मतभेदाला जागा आहे. मात्र मोटार रुंद असते. ती एरवीही दिसते. दुचाकीचे तसे नाही. आपल्या देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांतील सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. म्हणूनच आपल्याकडे दिव्याचा नियम दुचाकीपासून सुरू झाला, हे योग्यच झाले.

आता काकांची गोष्ट पुरी करतो.

जानेवारी महिना होता. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याने काका घराकडे, म्हणजे पश्चिमेकडे येत होते. पावणेआठ वाजले असतील. ऊन पडले होते, पण सूर्य अजून झाडांच्या शेंड्यांवर आला नव्हता. तो नेमका काकांच्या पाठीमागे होता. समोरून उसाचा ट्रॅक्टर शहराच्या दिशेने येत होता. त्याला उजवीकडे शेताच्या वाटेला वळायचे होते. चालकाने समोर पाहिले, रस्ता मोकळा वाटला आणि त्याने ट्रॅक्टर वळवला. काकांनी ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि ते ट्रॉलीच्या चाकापासून दोन हातांवर पडले.

डाव्या खांद्याचे हाड मोडले. देवाची कृपा, डोक्यात हेल्मेट होते.

ट्रॅक्टरचालक चांगला माणूस निघाला. काकांना दवाखान्यात आणण्यापासून आमच्या घरी निरोप देण्यापर्यंत सगळे त्यानेच केले. मी पोचलो तेव्हा तो दवाखान्याच्या पायरीवर डोके धरून बसला होता. मला बघून म्हणाला, "सूर्य डोळ्यावर हुता वो. गाडी दिसलीच न्हाई मला. आईची शपथ, दिसली न्हाई."

मला त्याचे म्हणणे खरे वाटले आणि आजही वाटते. सूर्य पाठीमागे असला की चालवणाऱ्याला सगळे स्वच्छ दिसते, त्यामुळे आपणही तितकेच स्वच्छ दिसत असणार असे तो धरून चालतो. प्रत्यक्षात समोरच्याच्या डोळ्यांत थेट ऊन जात असते आणि त्या उन्हात आपली गाडी म्हणजे एक काळी सावली असते. अशा वेळी त्या सावलीत एक प्रकाशाचा ठिपका असला तर नजर तिथे अडकण्याचा संभव असतो. काकांच्या गाडीला तो ठिपका नव्हता. मी दीडशे रुपये खर्चून तो विझवला होता.

दिवा चालू असता तर अपघात टळलाच असता, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तेवढे कोणालाच सांगता येणार नाही. पण टळण्याची जी काही शक्यता होती ती मी काढून घेतली, एवढे मात्र खरे. काका याबद्दल मला एक शब्दही बोलले नाहीत. काकूही बोलल्या नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते, असे मला पुष्कळ दिवस वाटत होते.

दवाखान्याचे बिल, औषधे, गाडीची दुरुस्ती आणि सहा आठवडे रतीब पोचवायला ठेवलेल्या मुलाचा पगार मिळून खर्च साठ हजारांच्या वर गेला. हजार रुपयांच्या बचतीचा जो कागद मी केला होता तो वहीत तसाच होता. तो पुन्हा काढून पाहिला तेव्हा आकडेमोडीपेक्षा मोठी चूक लक्षात आली. मी दिव्याचा खर्च काकांच्या नावे टाकला होता आणि त्याचा लाभ काकांना काय होतो एवढेच शोधत होतो. काकांना दिवसा त्या दिव्याने काहीच दिसत नव्हते, म्हणून जमेची बाजू कोरी राहिली. पण दिवसाच्या दिव्याचा लाभ पहिल्यांदा समोरून येणाऱ्याच्या खात्यावर जमा होतो. त्याला आपण दिसतो, तो थांबतो, आणि मग तोच लाभ फिरून आपल्याकडे येतो. दुसऱ्याच्या वहीतली नोंद आपल्या वहीत सापडत नाही म्हणून ती रक्कम खोटी ठरत नाही.

कायद्याची बाजूही थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कारखान्याने दिलेल्या मूळ रचनेत परवानगीवाचून फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. दिव्याचे बटणही या फेरफारात बसू शकते. शिवाय वायर तोडून केलेला जोड पावसात भिजतो, आणि बेळगावचा पाऊस कसा असतो हे येथे सांगायला नको. जोडात पाणी शिरले की फ्यूज उडतो, आणि तो उडतो नेमका रात्री, घाटात.

शेवटी काही साध्या सूचना करतो.

दिवसा दिवा डिप्परवर असावा. अप्परवर ठेवला तर समोरच्याला त्रास होतो, आणि नियमाचा हेतूही तो नाही. शेतरस्त्याने गेल्यावर दिव्याच्या काचेवर चिखल बसतो. तो फडक्याने पुसावा. दिव्याचा बल्ब गेला असेल तर "दिवसाच तर चालवायची आहे" म्हणून दुरुस्ती पुढे ढकलू नये. ज्यांच्या गाड्या २०१७ पूर्वीच्या आहेत त्यांनी स्वतः बटण दाबून दिवा लावावा. गाडी थांबवल्यावर तो बंद करण्याची मात्र आठवण ठेवावी, कारण तेथे पारावरच्या मंडळींचे म्हणणे अजूनही खरे आहे.

मोटारवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगावीशी वाटते. पुढची पांढरी पट्टी चमकते म्हणून आपले सर्व दिवे लागले आहेत असे समजू नये. पुष्कळ मोटारींत ती पट्टी चालू असताना मागचे लाल दिवे बंद असतात. कॅनडात यामुळे संध्याकाळी मागून न दिसणाऱ्या मोटारींचा इतका त्रास झाला की २०२१ पासून नव्या मोटारींसाठी तेथे नियमच बदलावा लागला. संध्याकाळ झाली, पाऊस किंवा धुके आले की मुख्य दिवे हाताने लावावेत.

काका आता बरे आहेत. डावा हात पूर्ण वर जात नाही, तरी कॅन उचलतात. अंगात थोडी शक्ती येताच त्यांनी पहिले काम केले ते म्हणजे गाडी गॅरेजमध्ये नेऊन ते बटण काढून टाकले आणि वायर पहिल्यासारखी जोडून घेतली. काढलेले बटण त्यांनी मला आणून दिले. माझ्या टेबलाच्या खणात ते अजून आहे.

परवा त्यांच्या मागे बसून मी शहरात येत होतो. हिंडलग्याजवळ समोरून येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी हात वर करून बोटांची तीच उघडमीट केली. काकांनी मान डोलावली आणि जाता जाता मोठ्याने म्हणाले, "असू दे वो मामा, तुमच्यासाठीच लावलाय!"

मामांना ते किती कळले कोण जाणे. परंतु त्यांनी आम्हांला पाहिले होते, एवढे नक्की.